कोळ्यावरचा आळ



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या गावात घरोघरी एकच काम निघते. लांब काठीला फडा बांधायचा, डोक्याला फडके गुंडाळायचे आणि आढ्यापासून उंबर्‍यापर्यंतची सगळी जाळी झाडून काढायची. जाळ्याबरोबर कोळीही खाली पडतो आणि त्याच्यावर चप्पल बसते. का मारला, असे विचारले तर उत्तरे ठरलेली आहेत. "विषारी असतो." "अंगावर मुततो." "घरात घाण करतो."

यांतले खरे किती आणि नुसता आळ किती, हे पाहण्यासाठी मी आषाढापासून कार्तिकापर्यंत आमच्या घरातल्या कोळ्यांची एक वही ठेवली. सकाळी शाळेत येण्याआधी एक फेरी आणि दिवेलागणीला एक फेरी. वहीत तारीख, जागा आणि कोळी काय करत होता एवढेच लिहायचे. आमचे घर अर्धे माळवदाचे आणि अर्धे पत्र्याचे आहे, त्यामुळे कोळ्यांची वाण नव्हती. जे समजले नाही ते गुरुजींना विचारले आणि पुस्तकात पाहिले. ते सगळे येथे थोडक्यात सांगते.

कोळी म्हणजे किडा नव्हे

प्रथम पाय मोजा. माशी, मुंगी, झुरळ, डास यांना सहा पाय असतात. हे सगळे कीटक. कोळ्याला आठ पाय असतात. कीटकाच्या शरीराचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग पडतात. कोळ्याचे दोनच भाग: पुढे डोके व छाती एकत्र, मागे पोट. त्याला पंख नसतात आणि मिशाही नसतात. तोंडाजवळ पायांसारखे दोन आखूड अवयव दिसतात, ते पायांत धरायचे नाहीत, नाहीतर मोजणी दहावर जाईल. कोळ्याची भावकी कीटकांशी नाही. ती विंचू आणि गोचीड यांच्याशी आहे. त्यांनाही आठच पाय.

बहुतेक कोळ्यांना डोळेही आठ असतात. पण जाळे विणणार्‍या कोळ्याला डोळ्यांनी फार थोडे दिसते. त्याचे सगळे लक्ष पायांत असते. जाळ्याला वारा लागला की माशी अडकली, हे त्याला धाग्याच्या थरथरण्यावरून समजते. मी गवताची काडी जाळ्याला हळूच लावून पाहिली. कोळी दोन पावले पुढे आला, थांबला आणि परत जागेवर जाऊन बसला. काडी आणि माशी यांतला फरक त्याला पायांनीच कळला.

मराठीत मासे धरणार्‍यालाही कोळी म्हणतात आणि यालाही कोळीच म्हणतात. दोघेही जाळे पसरून वाट पाहतात. पण सगळे कोळी जाळ्यावर पोट भरत नाहीत. कित्येक जण पाठलाग करून शिकार करतात. जगभरातल्या नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींचा आकडा २०२२ साली ५०,००० च्या पुढे गेला. त्यातल्या १,८०० हून अधिक जाती आपल्या भारतात आहेत.

आमच्या घरचे चार बिर्‍हाडकरू

आमच्या घरात मला चार प्रकारचे कोळी नेहमी दिसले. खालची नावे पुस्तकातली नाहीत. माझ्या धाकट्या भावाने आणि मी ती ठेवली आहेत.

पहिला थरथर्‍या. याचे पोट ज्वारीच्या दाण्याएवढे आणि पाय मात्र शिवणाच्या दोर्‍यासारखे लांबच लांब. तो धान्याच्या कोठीमागे, पलंगाखाली, आढ्याच्या कोपर्‍यात विस्कटलेले जाळे करून उलटा लटकतो. त्याला कोणी डिवचले की तो सगळे अंग इतक्या जोराने हलवतो की दिसेनासाच होतो. शत्रूला नेम धरता येऊ नये म्हणून ही युक्ती. याची मादी अंड्यांचा गोळा तोंडात धरून बसते. कोठीमागच्या मादीने तो दहा-बारा दिवस सोडला नाही. तोंड अंड्यांनी भरलेले, मग खाणार कशाने? पिल्ले बाहेर आली तेव्हा ती केसाच्या तुकड्यांसारखी आईच्या भोवती लटकत होती. याच जाळ्याखालच्या फरशीवर मी एका सकाळी शिकारीच्या वाळक्या साली मोजल्या. अकरा होत्या. त्यातल्या बहुतेक डासांच्या आणि चिलटांच्या.

दुसरा उडीबहाद्दर. हा बुटका, केसाळ, करड्या रंगाचा, खिडकीत आणि भिंतीवर दिवसाढवळ्या फिरतो. कोळ्यांमध्ये याचे डोळे सर्वांत चांगले. समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे असतात. तुम्ही वाकून पाहिले तर तोही वळून तुमच्याकडे पाहतो. बोट डावीकडे नेले तर डावीकडे वळतो, उजवीकडे नेले तर उजवीकडे. माशी दिसली की मांजरासारखा दबा धरतो आणि झेप घेतो. झेप घेण्याआधी भिंतीला एक धागा चिकटवतो. नेम चुकला तर धाग्याला लोंबकळतो आणि परत वर चढतो. त्याच्या पायांत टोळासारख्या जाड मांड्या नाहीत. तो पायांत अंगातल्या रसाचा दाब एकदम वाढवतो, पाय ताडकन सरळ होतात आणि उडी बसते.

या उडीबहाद्दराच्या कुळातल्या एका कोळ्याला आपल्या महाराष्ट्रातल्या एका शूर माणसाचे नाव दिलेले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा पोलीस दलातले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यांच्यामुळे तो अतिरेकी जिवंत सापडला. ओंबळे हे सातारा जिल्ह्यातले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उडी मारणार्‍या एका नव्या कोळ्याला शास्त्रज्ञांनी २०२१ साली 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले. ज्याला आपण चपलेने मारतो त्याच्या कुळाला एका वीराचे नाव आहे, हे मला फार आवडले.

तिसरा जागल्या. पूर्वी गावात रात्रभर पहारा देणारा जागल्या असे. हा कोळीही रात्रीच निघतो. पाय पसरले तर मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा, रंग तपकिरी, अंग चपटे. दिवसा तो न्हाणीतल्या सरपणाच्या फटीत किंवा दाराच्या चौकटीमागे असतो. याला जाळे लागत नाही. धावत जाऊन झुरळ धरतो. मादी अंड्यांची पांढरी चपटी पिशवी पोटाखाली धरून चालते, तेव्हा तिने बत्तासा उचलून नेला असे वाटते. याला पाहूनच घरात सर्वांत जास्त ओरडा होतो. पण तो अंगावर येत नाही. दिवा लावला की तोच घाबरून फटीत पळतो. त्याला मुठीत धरायला मात्र जाऊ नये. जीव वाचवायला तो चावेल, आणि ते दुखेल.

चौथा गिरक्या. हा एवढासा, मोहरीहून थोडा मोठा. भिंतीच्या खळग्यावर बारीक पांढरा पडदा ताणून त्याखाली राहतो. मुंगी पडद्याला अडखळली की बाहेर येऊन तिच्याभोवती गरगरा गिरक्या घेतो आणि धाग्याने तिला बांधून टाकतो. मुंगी त्याच्यापेक्षा मोठी असली तरी हटत नाही. हा तमाशा पाहायला भिंग लागते. आपल्या शाळेच्या विज्ञानपेटीत आहे.

पोटातला रस, बाहेरचा धागा

अंगणात तुळशीवृंदावन आणि कपड्यांची तार यांच्यामध्ये श्रावणात एक पाचवा कोळी आला. गाडीच्या चाकासारखे गोल जाळे विणणारा तो हाच. तो दिवेलागणीला कामाला लागायचा. मी पायरीवर बसून एकदा पूर्ण विणकाम पाहिले. पाऊण तास लागला.

कोळ्याच्या पोटात धागा गुंडाळून ठेवलेला नसतो. तेथे पातळ रस असतो. पोटाच्या टोकाला बारीक बोंडे असतात, त्यांतून तो रस ओढला जाताना घट्ट होतो आणि त्याचा धागा बनतो. प्रथम कोळ्याने एक धागा वार्‍यावर सोडला. तो तारेला चिकटला तेव्हा पूल तयार झाला. मग चौकट केली. मग चाकाच्या आर्‍यांसारखे धागे मधून बाहेर ओढले. त्यानंतर आतून बाहेर एक विरळ फेरा घातला. आई गोधडी शिवताना आधी कच्चा टाका घालते, तसा हा कच्चा धागा. शेवटी बाहेरून आत येत, कच्चा धागा काढत काढत, त्याने चकलीसारखा दाट फेरा घातला. फक्त हा शेवटचा धागा चिकट असतो. आरे कोरडे असतात. कोळी शक्यतो कोरड्या धाग्यांवरून चालतो आणि त्याच्या पायांची रचनाही अशी असते की चिकट धागा त्याला पकडत नाही. म्हणून स्वतःच्या जाळ्यात तो स्वतः अडकत नाही.

माशी अडकली की तो तिला चावून विष सोडतो आणि धाग्यात गुंडाळतो. कोळ्याला आपल्यासारखे चावून खाता येत नाही. तो शिकारीत पाचक रस सोडतो, आतला भाग पातळ होतो आणि तो पितो. उरते ती साल. पहाटे अंगणातला कोळी फाटलेले जाळे गोळा करून खाऊन टाकी. संध्याकाळी पुन्हा नवे जाळे. धागा वाया जात नाही.

हे मी जेवताना सांगितले तर आजी म्हणाली, "हे तर आमाला म्हाईत हाय. सप्त्यात म्हाराज सांगत्यात की." ती सांगते ते बरोबर आहे. भागवतात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक गुरू कोळी आहे. कोळी आपल्याच पोटातून धागा काढतो, त्यावर खेळतो आणि शेवटी तो गिळून टाकतो, तसाच परमेश्वर हे जग निर्माण करतो आणि परत आपल्यात घेतो, असा तो दृष्टान्त. पैठणच्या एकनाथ महाराजांनी हा भाग मराठीत आणला. म्हणजे कोणीतरी फार पूर्वी आमच्यासारखेच पहाटे उठून जाळे पाहिले असणार. माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरी वेगळी गोष्ट सांगतात. पैगंबर साहेब मक्केहून मदिनेला जाताना एका गुहेत थांबले. गुहेच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले. जाळे अखंड पाहून पाठलाग करणार्‍यांना वाटले की आत कोणी गेलेले नाही, आणि ते परत गेले. म्हणून तिच्या घरी कोळी मारत नाहीत. कुराणातल्या एका अध्यायाचे नावच 'कोळी' असे आहे.

कोळ्याला वजन नसेल तेथे जाळे विणता येईल काय? हा प्रश्न अमेरिकेतल्या जूडिथ माइल्स नावाच्या शाळकरी मुलीने विचारला होता. १९७३ साली तिच्या प्रश्नासाठी अराबेला आणि अनिता नावाच्या दोन कोळ्यांना स्कायलॅब या अवकाशस्थानकात नेले. अराबेलाचे पहिले जाळे वेडेवाकडे झाले. पण थोड्या दिवसांत तिला तेथेही गोल जाळे जमले. चांगला प्रश्न कोणीही विचारू शकतो, हे ध्यानात ठेवा.

पहिला आळ: अंगावर मुततो

आता मुख्य मुद्द्याकडे येते. श्रावणात माझ्या चुलतीच्या मानेवर सकाळी लाल पट्टा उठला. आग आग होत होती. दुसर्‍या दिवशी त्यावर बारीक फोड आले. आजी म्हणाली, "कोळी मुतला बग रातच्याला. गेरू लावा." चुलते फडा घेऊन जाळी काढायला निघाले. चुलती मात्र आरोग्य केंद्रात गेली. तेथल्या डॉक्टर बाईंनी विचारले, "रात्री दिव्याखाली बसला होतात का? मानेवर काही चिरडले का?"

खरा गुन्हेगार निघाला एक किडा. तो मुंगीसारखा दिसतो, लांबी नखाच्या रुंदीएवढी, अंगावर तांबूस आणि काळे पट्टे. पावसाळ्यात दिव्याभोवती येतो. तो चावत नाही, नांगीही मारत नाही. पण मानेवर बसला आणि आपण हाताने चिरडला की त्याच्या अंगातला जहाल रस कातडीला लागतो. लगेच काही होत नाही. साधारण एक दिवसाने लाली येते आणि मग फोड. हात जेथे ओढला गेला तेथे पट्टा उमटतो. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजतो. सकाळी उठल्यावर किडा कोठेच दिसत नाही. दिसतो तो आढ्यातला कोळी. मग आळ त्याच्यावर.

म्हणून असा किडा अंगावर बसला तर चिरडू नका. फुंकर मारा किंवा कागदाने उडवा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण लावून भरपूर पाण्याने धुवा.

'कोळी मुतला' म्हणतात ते आणखी एक दुखणे म्हणजे नागीण. अंगाच्या एकाच बाजूला, कमरेभोवती किंवा छातीवर, पट्ट्याने फोड येतात आणि फार ठणकतात. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे विषाणू शरीरातल्या मज्जातंतूंत दडून राहतात आणि पुढे वय झाल्यावर किंवा अशक्तपणात पुन्हा उठतात. कोळ्याचा किंवा नागाचा त्यात काही संबंध नाही. यावर औषध आहे, पण फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केले तर ते चांगले लागू पडते. गेरू लावत बसलो तर हे तीन दिवस निघून जातात.

दुसरा आळ: विषारी असतो

हे अर्धे खरे आहे. जवळजवळ सर्व कोळ्यांना विष असते. पण ते माशी आणि झुरळ मारण्यापुरते असते. वर सांगितलेल्या पाच कोळ्यांपैकी एकाच्याही चाव्याने माणूस दगावत नाही. थरथर्‍या आणि गिरक्या यांचे दात तर इतके बारीक की आपल्या कातडीला त्यांचा त्रास होत नाही. बांधावर बीळ करून राहणारा मोठा केसाळ कोळी असतो, त्याच्यापासून दूर राहावे. चावला तर फार दुखते.

पण पालकांनो, या आळाची दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे. रात्री झोपेत काहीतरी चावले, खूण जेमतेम दिसते, सूज नाही, म्हणून पुष्कळ जण म्हणतात, "कोळी चावला असंल, झोप आता." मण्यार हा साप नेमका असाच चावतो. तो रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात बारीक असल्याने खूण दिसत नाही आणि वेदनाही फारशी होत नाही. काही वेळाने पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलायला आणि गिळायला जड जाते, मग श्वास अडतो. अशा वेळी एक मिनिटही घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि सरकारी दवाखाना गाठावा. तेथे सर्पदंशाची लस असते. कोळ्याच्या नावावर ढकलून झोपणे जिवावर बेतते. खाटेवर झोपावे, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्या. डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात.

कोळ्याचा चुलतभाऊ विंचू, त्याचेही असेच. लाल विंचू चावला तर मंत्र-उतारा करीत बसू नये. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या महाडला राहून विंचूदंशाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या गोळीने रोगी वाचतात हे जगाला दाखवले. आपल्या मराठवाड्याच्या मातीतल्या माणसाचे हे काम आहे.

तिसरा आळ: घाण करतो

जाळ्याला धूळ चिकटते आणि काळे कोळिष्टक लोंबते, हे खरे. पण बहुतेक कोळिष्टके रिकामी असतात. त्यातला कोळी कधीच दुसरीकडे गेलेला असतो. पुष्कळदा त्यात आठ पायांचा मेलेला कोळी दिसतो, तोही मेलेला नसतो. कोळी वाढताना कात टाकतो आणि ती कात तेथे लटकत राहते.

आता त्याच्या बाजूने काय लिहायचे? जगातले सर्व कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन किडे-मकोडे खातात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१७ साली काढला. आपल्या सोयाबीन-कापसाच्या रानातही ते आहेत. जमिनीवर धावणारा करडा कोळी सोयाबीन काढताना दिसतो. त्याची मादी अंड्यांची गोळी मागे बांधून फिरते आणि पिल्ले निघाली की सगळी पाठीवर घेते. पाठ एकदम खरबरीत दिसली तर समजा लेकुरवाळी आहे.

घरात किडे झाले म्हणून काही जण शेतात फवारून उरलेले औषध घरात मारतात. हे कधीही करू नये. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. जे औषध उघड्या रानात माणसाला मारते ते बंद खोलीत लेकरांना काय करील? शिवाय त्याने डासांबरोबर कोळीही मरतात. डास पाण्यातून पुन्हा लवकर होतात, कोळी मात्र तितक्या लवकर परत येत नाहीत.

पण कोळी आहे म्हणून आपण निवांत बसावे असेही नाही. डेंग्यूचा डास रांजणातल्या आणि टाकीतल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. कोळी काही रांजण रिकामा करीत नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस आपणच पाळायचा.

कोळ्यालाही शत्रू आहेत. पाल त्याला खाते. भिंतीला चिखलाची घरे करणारी बारीक कमरेची कुंभारीण त्याला डंख मारून लुळा करते, तसाच जिवंत घरात कोंबते आणि वर अंडे घालून तोंड लिंपते. अळी निघाली की तिला ताजे अन्न तयार. पडलेले एक घर मी फोडून पाहिले तर आत सात बारके कोळी निघाले. घरातल्या घरात एवढा मोठा कारभार चाललेला असतो.

एका घरात राहायचे तर

१. झाडताना आधी जाळे पाहा. रिकामे कोळिष्टक काढून टाका. कोळी बसलेला असेल तर फड्याच्या टोकाने त्याला बाजूला होऊ द्या, मग झाडा.

२. चूल, पाण्याचा माठ आणि अंथरूण यांच्यावरची जाळी काढावीच. कोठीमागचा आणि आढ्याचा कोपरा त्याला राहू द्यावा.

३. मोठा कोळी बाहेर काढायचा असेल तर त्याच्यावर काचेचा पेला पालथा घाला, खालून जाड कागद सरकवा आणि अंगणात नेऊन सोडा. हात लावण्याचे कारण नाही.

४. सरपण, गोवर्‍या, बूट आणि टांगलेले कपडे झटकून घ्या. हे कोळ्यासाठी नाही, विंचवासाठी.

५. जखमेवर कोळ्याचे पांढरे घर चिकटवू नका. पूर्वी रक्त थांबवायला लावीत. पण त्यात धूळ आणि माती असते, धनुर्वाताची भीती असते. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबा आणि दवाखान्यात धनुर्वाताची सुई घ्या.

६. फोड, चावा, सूज यांचे कारण कळत नसेल तर घरात कोळी शोधत बसू नका. दवाखान्यात जा.

आता आमच्या घरी काय झाले ते सांगते. चुलतीची मान आठ-दहा दिवसांत बरी झाली. आजी अजून पूर्ण मानत नाही. ती म्हणते, "तुमची पुस्तकं तुमच्यापाशी." पण पोळ्याच्या आदल्या दिवशी ओसरी झाडताना तिने कोठीमागची मादी पाहिली. तोंडात अंड्यांचा गोळा होता. आजी फडा थांबवून म्हणाली, "बाळतीण हाय बाई. हिला राहू द्या, बाकीचं काढा." मला तेवढे पुष्कळ झाले.

या भित्तिपत्रकाखाली एक कोरा कागद लावला आहे. तुमच्या घरात किती कोळी आहेत, कोठे आहेत, जाळे गोल आहे की विस्कटलेले, आणि त्याखाली कोणत्या किड्यांच्या साली पडल्या आहेत, ते पाहून त्यावर लिहा. पालकांनीही लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपल्या लेकराला सांगावे. महिनाअखेर आपण सगळ्या वर्गांची बेरीज करू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. हिंगोली